परतीची गाडी आधी विचारा

रविवारी नेकनूरला यायचं असेल तर गाडी गावाबाहेर लावायची तयारी ठेवावी. त्या दिवशी बाजार असतो. बीड, केज, पाटोदा, धारूर या तालुक्यांमधून बैल, गाई, म्हशी, शेळ्या टेम्पोत चढून सकाळीच येतात. दहा वाजेपर्यंत बाजारतळावर पाय ठेवायला जागा उरत नाही.

बैल घ्यायला आलेला शेतकरी आल्याआल्या सौदा करत नाही. आधी तो सगळा बाजार एकदा फिरून घेतो. तीन-चार ठिकाणी भाव विचारतो आणि कुठंच आपला आकडा सांगत नाही. जनावराचं तोंड उघडून दात बघतो. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय विकणाऱ्याच्या शब्दावर जात नाही. बैल चालवून बघतो, वळवून बघतो, खांद्यावर जुनी गाठ आहे का ते चाचपतो. शेवटी दलालाच्या उपरण्याखाली बोटांनी भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही तो कळत नाही.

याच शेतकऱ्याच्या घरात दिवाळीच्या सुट्टीत कुठंतरी जाऊ असा विषय निघाला की ही सगळी चौकस बुद्धी कुठं जाते कोण जाणे. कुणीतरी मोबाइलवर आलेलं पॅकेज दाखवतं. पाच दिवस, सात ठिकाणं, जेवण-नाष्टा धरून इतके इतके. घरात सगळे माना डोलवतात आणि पैसे भरले जातात. त्या सात ठिकाणांपैकी दोन त्या वारी बंद असतात, एकाला नुसतं गाडीतून दाखवतात, आणि एक भलत्याच मोसमातलं निघतं. बैलाचे दात बघणाऱ्यानं इथं तोंड उघडून बघितलेलं नसतं.

आपली सहल आपण आखावी, त्यासाठी आपणच चौकशी करावी, हे सांगायला नेकनूर मला फार सोयीचं गाव वाटतं. एक तर पर्यटनाच्या नकाशावर ते नाही. शिवाय त्याच्या चहूबाजूंना बघण्यासारखं इतकं आहे आणि त्याची तयार माहिती इतकी तुटपुंजी आहे, की चौकशीवाचून इथं पानही हलत नाही. महाबळेश्वरला जायचं तर सगळं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. धर्मापुरीला जायचं तर आपल्यालाच ठरवावं लागतं.

या भागात प्रवास नाही असं मात्र कुणी म्हणू नये. बीड जिल्ह्याएवढा प्रवास महाराष्ट्रात फार थोडे जिल्हे करत असतील. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या जोड्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर निघतात, ते पाडव्याच्या आसपास परततात. लेकरं, भांडी, कोंबड्या, सगळं बरोबर. या प्रवासात हौस नसते. दुसरा प्रवास दवाखान्याचा, तिसरा लग्नाचा, चौथा वारीचा. चारही प्रवास कुठं जायचं ते आधी ठरवून देतात. आपल्याला वाटलं म्हणून, आपल्याला बघायचं आहे म्हणून निघणं, ही गोष्ट इथल्या पुष्कळ घरांत याच पिढीत आली.

तरी प्रवास आखायची विद्या इथं जुनीच आहे आणि ती वारकऱ्यांकडं आहे. नेकनूर हे संत बंकटस्वामी महाराजांचं गाव. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांच्याबरोबर जी मोजकी माणसं उभी होती त्यांत बंकटस्वामी होते. कीर्तनकाराचं आयुष्य म्हणजे तारखांचं आयुष्य. कुठल्या गावी सप्ताह, कुठल्या गावी काल्याचं कीर्तन, तिथून पुढच्या गावी कसं पोचायचं, हे सगळं महिनोन्महिने आधी ठरलेलं असतं. दिंडीचं वेळापत्रक तर बघण्यासारखं असतं. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईवरून पंढरपूरकडं जाते. तिचा सकाळचा विसावा कुठं, दुपारचं जेवण कुठं, रात्रीचा मुक्काम कुठं, हे महिन्याभराचं गणित गावागावाला आधी ठाऊक असतं. पाणी कुठं मिळेल, बायांची सोय कुठं होईल, आजारी पडलेल्याला कुणाच्या गाडीत घालायचं, हेही ठरलेलं. शेकडो माणसांची सहल इतक्या काटेकोरपणे आखून देणारी कंपनी अजून निघायची आहे. आपल्या पाच माणसांच्या सहलीला त्यातला दहावा हिस्सा घेतला तरी पुरे.

छापील माहितीचं म्हणाल तर आपल्याकडचा इतिहास मजेशीर आहे. टॉमस कुक यानं १८४१ साली इंग्लंडात लेस्टरहून लफबराला आगगाडीनं पाचेकशे माणसं एका शिलिंगात नेली आणि ठरवून दिलेल्या सहलींचा धंदा सुरू झाला. त्याच सुमाराला स्वतःची सहल स्वतः आखणाऱ्यांसाठी मरे आणि बेडेकर यांची हातपुस्तकं निघत होती. बेडेकर हे जर्मन आडनाव आहे, आपल्या लोणच्याच्या बेडेकरांशी त्याचा संबंध नाही. मरेचं मुंबई आणि मद्रास इलाख्यांचं हातपुस्तक १८५९ सालचं. बीड मात्र निजामाच्या मुलखात, मुंबई-पुण्याच्या साहेबाच्या रस्त्यापासून आडबाजूला. लेण्यांच्या अभ्यासकांनी तेवढी दखल घेतली. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० सालच्या लेण्यांवरच्या ग्रंथात अंबाजोगाईची लेणी आहेत, पण गावाचं नाव मोमिनाबाद.

मराठीत भटकंतीचं साहित्य उदंड आहे. गो. नी. दांडेकरांनी आणि प्र. के. घाणेकरांनी दोन-तीन पिढ्यांना किल्ल्यांवर चढवलं. पण ते सगळं सह्याद्रीचं. बालाघाटाच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. आजही पुस्तकांच्या दुकानात कोकणावर एक फळी भरेल इतकी पुस्तकं सापडतात आणि बीडवर एखादं सापडलं तरी नशीब. म्हणून इथं सहल आखणाऱ्याला मी पहिली गोष्ट सुचवीन ती जिल्ह्याच्या गॅझेटियरची. महाराष्ट्र शासनानं १९६९ साली भीर जिल्ह्याचं गॅझेटियर काढलं. त्यातलं ‘ठिकाणे’ हे प्रकरण वाचायला दोन संध्याकाळी लागतात. लोकसंख्या, बाजाराचे वार हे सगळं जुनं झालं आहे, पण कुठल्या गावात कुठलं देऊळ, कुठली बारव, कुठला शिलालेख, हे तिथून हलत नाही. शासनाच्या संकेतस्थळावर ते फुकट आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे नकाशेही आता घरबसल्या उतरवून घेता येतात. त्यावर ओढा, टेकडी, पायवाट, देऊळ सगळं दिसतं. फोनवरच्या नकाशात बालाघाटातल्या पायवाटा बहुतेक वेळा गायब असतात.

नावांचा घोळ तेवढा ध्यानात ठेवायचा. जुन्या कागदात भीर, मोमिनाबाद, उस्मानाबाद, औरंगाबाद, अहमदनगर. आताच्या पाट्यांवर बीड, अंबाजोगाई, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर. गाड्या, हॉटेलं, फोनवरचे नकाशे यांच्यात काही जुनं, काही नवं. शोधताना दोन्ही नावं टाकून बघावीत, म्हणजे निम्मी माहिती हातची जात नाही.

आता प्रत्यक्ष सहल आखू. नेकनूरहून निघणाऱ्याचा पहिला निर्णय मांजरसुंब्यात होतो. धुळे-सोलापूर महामार्ग तिथून जातो आणि पाटोदा ते केज हा रस्ता त्याला तिथंच छेदतो. उत्तरेला बीड, दक्षिणेला चौसाळा आणि पुढं धाराशिव, पश्चिमेला पाटोदा, पूर्वेला आपण स्वतः. मांजरसुंब्याला न जाता उलट पूर्वेकडं निघालं तर केज आणि अंबाजोगाई. म्हणजे चार दिशांच्या चार सहली झाल्या. माझ्या मते पहिली पूर्वेची करावी, कारण ती बारा महिने होते आणि तिच्यात सगळ्यात जास्त भरलेलं आहे.

दोन दिवसांची सहल. केजहून धारूर, धारूरला किल्ला. हा किल्ला विजापूरच्या किश्वरखान लारीनं १५६० च्या दशकात बांधला आणि लगेच निजामशाहीनं जिंकला. लोक डोंगरी किल्ला म्हणतात, पण चढायला फारसं काही नाही. गावातून चालत जाता येतं आणि तीन बाजूंना दरी असल्याचं आत गेल्यावरच कळतं. गावाच्या बाजूला खंदक. आत तलाव, बुरूज, खारी दिंडी आणि गोडी दिंडी. इथं सकाळीच यायचं. दुपारी दगड तापतो आणि आत सावली कमी. पाणी बरोबर न्यायचं, आत मिळेल या भरवशावर जायचं नाही. दिवाळीच्या आधी-नंतर आलात तर वाटेत टोपल्या लावून बसलेल्या बायांकडून सीताफळं घ्यावीत. बालाघाटाचं सीताफळ डोंगरउतारावर आपोआप येतं आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. घेताना डोळे उमललेलं फळ आजच्यासाठी, मिटलेलं उद्यासाठी.

धारूरहून अंबाजोगाई, मुक्काम तिथं. कोकणस्थांची कुलदेवी योगेश्वरी इथं असल्यामुळं पुण्या-मुंबईच्या गाड्या वर्षभर येतात. त्या बहुधा दर्शन घेऊन, ओटी भरून, जेवून परळीला जातात. अंबाजोगाईला दुपार काढणं म्हणजे अंबाजोगाई न बघणं. एक तर जयंती नदीच्या काठची लेणी, ज्यांना सगळं गाव हत्तीखाना म्हणतं. मोकळं अंगण, त्यात दगडी हत्ती, मागं खांबांची ओसरी. मग सकलेश्वराचं देऊळ, त्यालाच बाराखांबी म्हणतात. खोलेश्वराचं देऊळ, यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या नावाचं. गावाबाहेर दरीत मुकुंदराजांची समाधी. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा मानतात. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. मग दासोपंत. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांनी कापडावर लिहिलेली पासोडी अंबाजोगाईत आहे. ती कधी आणि कशी बघता येते, हे गावात पाय ठेवल्याबरोबर विचारून घ्यायचं, दुसऱ्या दिवसाच्या निघायच्या वेळी नाही. आद्य ग्रंथकार आणि मराठीत सगळ्यात जास्त लिहिणाऱ्यांतला एक, दोघंही एका गावात. शाळेत आपण दोघांची नावं पाठ केली, पण सहली मात्र प्रतापगडावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी परळी तालुक्यातलं धर्मापुरी. केदारेश्वराच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींची रांग आहे. कुणी आरशात बघतेय, कुणाच्या पायात काटा रुतलाय. बघायला तासभर तरी काढावा आणि देवळाभोवती दोनदा फिरावं, कारण ऊन सरकलं की न दिसलेल्या मूर्ती दिसायला लागतात. गावात भुईकोटही आहे. तिथून परळी, वैद्यनाथाचं दर्शन आणि घराकडं. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला हा क्रम उलटा करायचा किंवा परळी सोडूनच द्यायची. त्या दिवसांत परळीत जाणाऱ्यानं फक्त परळीच करावी.

ही सहल कागदावर मांडताना मी सगळ्यांना एकच युक्ती सांगतो आणि ती मी शोधलेली नाही, एसटी स्टँडवरच्या कुठल्याही म्हातारीला ती येते. आधी परतीची गाडी विचारायची. शेवटची गाडी किती वाजता, ती इथून सुटते की मागून येते, मागून येत असेल तर रोज येते का, ती चुकली तर पुढच्या फाट्यावरून काही मिळतं का. हे कळलं की बाकीचा दिवस उलटा मोजत यायचा. शहरातली माणसं काय काय बघायचं त्याची यादी आधी करतात आणि परतीचं नंतर बघतात. मग सूर्य मावळायला आलेला असतो, बघायची दोन ठिकाणं राहिलेली असतात आणि सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. उलटं मोजलं की राहिलेली ठिकाणं सकाळीच वगळली जातात, भांडण होत नाही.

चौकशीच्या खिडकीवर विचारलेलं आणि वाहकाला विचारलेलं यांत फरक पडला तर वाहकाचं खरं धरावं. मुक्कामी गाडीचा वाहक तर त्या गावाची माहितीची खाणच असतो. जेवण कुठं बरं मिळतं, कुठली खानावळ मंगळवारी बंद असते, देवळाची किल्ली कुणाकडं असते, हे फोनवर सापडत नाही. आडगावच्या जुन्या देवळांची किल्ली शेजारच्या घरात असते आणि ते घर दुपारी शेतात गेलेलं असतं. म्हणून तिथं सकाळी जायचं.

बायकांसाठी एक ओळ कागदावर हमखास लिहायची, कारण पुरुष ती विसरतात. स्वच्छतागृह कुठं. किल्ल्यात नाही, लेण्यात नाही, आडगावच्या देवळात नाही. स्टँड, पेट्रोलपंप, मोठी हॉटेलं, मोठ्या देवस्थानांचे भक्तनिवास, एवढ्यावरच भागवावं लागतं. प्रवासाचे टप्पे त्याप्रमाणे पाडले नाहीत तर घरातल्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी त्यांचं डोकं दुखतं. मग म्हणायचं, यांना फिरायची आवडच नाही.

आवड आहे की नाही, ते गेल्या काही वर्षांत दिसलंच आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना आधीच, ऑगस्ट २०२२ पासून, फुकट प्रवास आहे आणि पासष्टच्या पुढं निम्मं भाडं. बचत गटाच्या बाया मिळून तुळजापूरला, माहूरला, शिर्डीला निघाल्या. देवदर्शन हे घरी सांगायचं कारण. जाता-येता जे काही बघणं होतं ते आपल्या मर्जीचं. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे हे लक्षात ठेवायचं. बिदरला किंवा हैदराबादला निघालात तर सीमेपुढचं भाडं पूर्ण लागतं. आधार कार्ड मूळ असलेलं बरं. सलग चार किंवा सात दिवस हिंडायचं असेल तर एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासची योजना १९८८ पासून चालू आहे. ती आपल्यासाठी परवडते का, हे निघायच्या आधी आगारात बसून, भाड्यांची बेरीज करून बघावं. दर वरचेवर बदलतात. जानेवारी २०२५ मध्ये तर भाडं जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढलं. आणि माणसं चाळीसच्या वर जमली तर अख्खी एसटीच ठरवता येते. आगारात तिला प्रासंगिक करार म्हणतात.

जमत नसेल तर क्रुझर. इथल्या सहलींचं खरं वाहन तेच. पण ठरवताना बाजारातला शहाणपणा पुन्हा जागा ठेवायचा. भाव किलोमीटरवर की दिवसावर? रोजच्या किमान किलोमीटरची अट किती? डिझेल कुणाचं? टोल आणि पार्किंग कुणाचं? ड्रायव्हरचं जेवण आणि रात्रीचा भत्ता? ड्रायव्हरला रात्री झोपायला मिळणार आहे का? रात्रभर चालवलेल्या ड्रायव्हरच्या हातात धारूरच्या घाटात गाडी देणं हा मूर्खपणा आहे, मग भाव कितीही कमी पडो. नंबरप्लेट पिवळी आहे का तेही बघायचं. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्यानं घेतली आणि काही झालं, तर विम्याच्या दारात उभं राहून उपयोग नसतो.

बीडहून रेल्वेचा विचार आता पहिल्यांदाच करता येतो. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि बीडला पहिली प्रवासी गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षं. नातवंडांना घेऊन नुसतं बीड ते अहिल्यानगर जाऊन यायला निघालेले आजोबा मला हौशी प्रवासाचा शुद्ध नमुना वाटतात. कामासाठी नाही, देवासाठी नाही, गाडीसाठी. लांबच्या गाडीचं आरक्षण करायचं तर मुदत आता १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, १ नोव्हेंबर २०२४ पासून. उन्हाळ्याच्या सुट्टीची बर्थ हवी असेल तर शाळेच्या परीक्षा सुरू व्हायच्या आधीच तारीख पक्की झाली पाहिजे.

पश्चिमेची सहल पावसाची. मांजरसुंब्याजवळ कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा. पुढं पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य. त्याहून पुढं जामखेडच्या वाटेवर सौताडा, विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते आणि खाली रामेश्वराचं देऊळ. परतताना बीडकडं वळलात तर बिंदुसरेचा सांडवा आणि निजामशाहीतली खजाना बावडी. स्वतःची गाडी असेल तर पश्चिमेचं सगळं एका लांब दिवसात होतं.

पण कधी? इथं फोनवरचे फोटो दगा देतात. सौताड्याचा दुधासारखा फेसाळता धबधबा बघून डिसेंबरात गेलेल्याला काळा कोरडा कडा दिसतो. बीड पर्जन्यछायेतला जिल्हा. मान्सून जूनमध्ये आला तरी नद्या वाहायला लागतात त्या बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि काही वर्षी लागतच नाहीत. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात उगम पावते, केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे, आणि २०१६ साली त्याच धरणावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. उलट २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुरानं शेतंच वाहून गेली. तेव्हा धबधबा बघायला जायचा विषय काढणंही बरं नव्हतं. म्हणून इथं तारखेनं सहल ठरवायची नाही. फोटोंमधले सगळ्यात ताजे बघायचे, ओळखीच्या कुणाला पाटोद्यात फोन करायचा, पाणी आहे का विचारायचं, आणि असेल तर येत्या रविवारी निघायचं. पूर असेल तर घरीच बसायचं. सांडव्यावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या सहली मोठ्या. त्यांचं थोडक्यात. दक्षिणेला तेर: त्रिविक्रमाचं विटांचं जुनं देऊळ, गोरोबाकाकांची समाधी आणि रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय. रोमशी व्यापार करणारं हे तगर. इथल्या मातीच्या बाहुल्या बघितल्यावर बाकी संग्रहालयं जरा बेतानं आवडतात. पुढं तुळजापूर आणि नळदुर्ग. नळदुर्गचा पाणीमहाल बोरी नदीच्या बंधाऱ्यात बांधलेला, आणि पाणी भरून वाहायला लागलं की नर आणि मादी हे दोन धबधबे पडतात. तेही पावसाच्या शेवटी. उत्तरेला वेरूळ, अजिंठा, देवगिरी. त्यांची माहिती इतकी आहे की वेगळी सांगायला नको. एवढंच, वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी. ज्यांनी रविवारी निघून सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ असा बेत केला, त्यांना दोन्हीकडं कुलूप भेटतं. क्रम उलटा केला तर दोन्ही उघडी. वार बघणं हे इतकं सोपं काम आहे की ते कुणीच करत नाही.

तयार सहली नेणाऱ्या कंपन्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. १९८४ साली निघालेल्या केसरीनं आणि २०१३ च्या वीणा वर्ल्डनं कितीतरी मराठी माणसांना पहिल्यांदा विमानात बसवलं. भाषा येत नाही, आई-वडील थकलेले आहेत, व्हिसाचे कागद आहेत, तर सरळ त्यांच्या हवाली व्हावं. पोहे मिळतात, औषधाची वेळ कुणीतरी आठवून देतं. पण धारूरला जायला कंपनी लागत नाही. आणि सहल स्वतः आखलेली असली की बघितलेलं जास्त लक्षात राहतं, असं मी बघत आलो आहे. ज्यांनी मुकुंदराजांच्या समाधीचा रस्ता तीन जणांना विचारला त्यांना तो रस्ता आणि ते तिघं आठवतात. ज्यांना गाडीतून उतरवलं त्यांना पार्किंग आठवतं.

एक तक्रार आहे. तालुक्याच्या स्टँडांवर गाड्यांचं वेळापत्रक लावलेलं असतं, पण खेड्याच्या थांब्यावर ते नसतं, आणि जुन्या देवळापाशी त्याचं नाव सांगणारी पाटी असली तर तिच्यावर रंग चढलेला असतो. यासाठी मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीनं थांब्याच्या भिंतीवर चार ओळी रंगवून घेतल्या तरी पुरे: कुठली गाडी, किती वाजता, शेवटची कोणती. आणि देवळाशेजारी एक ओळ: किल्ली कुणाकडं. शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांकडून हे एका दुपारी होईल. शाळांना तर सहलीसाठी एसटी अर्ध्या भाड्यात मिळते. एखाद्या वर्षी रायगड-महाबळेश्वर राहू द्या, मुलांना अंबाजोगाई-धर्मापुरी दाखवा, आणि गाड्यांच्या वेळा, भाडं, जेवणाची जागा हे सगळं आठवी-नववीच्या मुलांनाच काढायला लावा. भूगोलाच्या पेपरात बालाघाटाचा चढ एका गुणाला येतो, इथं तो पायाला कळेल.

या दिवाळीत निघणार असाल तर थोडं सांगून ठेवतो. लक्ष्मीपूजन आणि पाडवा सोडून निघा, त्या दिवशी खानावळी बंद असतात. बसमध्ये भाऊबीजेच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी उभं राहायलाही मिळत नाही. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला यात्रा असते. यात्रा बघायची असेल तरच त्या दिवशी मांजरसुंब्याकडं जा, नाहीतर पूर्वेची धारूर-अंबाजोगाईची वाट धरा. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला योगेश्वरीचा उत्सव असतो, तेव्हा अंबाजोगाईत खोली आधीच सांगून ठेवा. आणि नेकनूरहून निघायचं असेल तर रविवार टाळा, स्टँडवर पोचायलाच अर्धा तास जास्त लागेल.

परत आल्यावर वहीत लिहिलेली पानं शेजाऱ्याला द्या. गाडीच्या वेळा, किल्ली असलेलं घर, बरी खानावळ, पाणी होतं की नव्हतं. बीड जिल्ह्याचं प्रवासी हातपुस्तक माझ्या तरी अजून बघण्यात आलेलं नाही, तोवर हीच पानं चालवावी लागतील.